आभारपत्रावर सरपंचांचा शिक्का असतो; गावाचे म्हणणे कोठे नोंदवायचे?

सुरसागरकाठ

सर्वांना नमस्कार. मी बडोद्याजवळच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. येत्या वर्षी आमचे नॅकचे, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे, मूल्यांकन आहे. स्वयंमूल्यांकन अहवालाचे काम वाटून देताना तिसऱ्या निकषातला, म्हणजे संशोधन, नवोपक्रम आणि विस्तार या निकषातला, विस्तार उपक्रमांचा (महाविद्यालयाबाहेर समाजात केलेल्या कामाचा) भाग माझ्याकडे आला. गेले दोन आठवडे मी पाच वर्षांच्या फायली घेऊन बसले आहे. प्रत्येक फाइलमध्ये परिपत्रक, विद्यार्थ्यांच्या सह्यांची यादी, ठिकाण व वेळ उमटलेली छायाचित्रे, वर्तमानपत्रातले कात्रण आणि शेवटी ग्रामपंचायतीचे आभारपत्र असा क्रम लावलेला आहे.

परवा एकाच गावाची चार वर्षांची चार आभारपत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा ती शब्दशः सारखी असल्याचे लक्षात आले. फक्त तारीख बदललेली होती. विचारल्यावर कळले की मजकूर आमच्याच कार्यालयात टंकलिखित होतो आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरपंच त्यावर सही-शिक्का करतात. यात कोणाचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. परंतु पाच वर्षांच्या या सगळ्या कागदांत गावातल्या माणसाने स्वतःहून उच्चारलेले एकही वाक्य मला सापडले नाही.

नंतर मी निकषाची शब्दरचना पुन्हा वाचली. परिसरातील समाजात केलेल्या उपक्रमांमुळे विद्यार्थ्यांना सामाजिक प्रश्नांची जाणीव झाली का, त्यांच्या सर्वांगीण विकासाला हातभार लागला का आणि त्याचा परिणाम काय, असे तिथे विचारले आहे. म्हणजे शिकणारे विद्यार्थी आहेत आणि गाव हे शिकण्याचे ठिकाण आहे. गावाला काय मिळाले, हे विचारणारा स्वतंत्र रकाना मला दिसला नाही.

आपल्यापैकी ज्यांनी हे काम केले आहे, शिबिरांना गेले आहेत किंवा ज्यांच्या गावात अशी शिबिरे झाली आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत. आहे त्याच चौकटीत गावाचे म्हणणे प्रामाणिकपणे कसे आणता येईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

जुना_स्वयंसेवक

ताई, तुम्ही टेबलावर चार पत्रे शेजारी ठेवलीत, हेच मला फार महत्त्वाचे वाटले. मी एकवीस वर्षे एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी होतो आणि अशी पत्रे मीही टंकलिखित करून नेली आहेत, हे इथे मान्य करतो.

एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तास नियमित काम आणि दोन वर्षांच्या काळात एक सात दिवसांचे विशेष शिबिर, अशी तिची घडण आहे. दत्तक गाव ही कल्पनाही तिच्यात जुनीच आहे आणि तिचा अर्थ असा होता की शिबिराचे सात दिवस वर्षभराच्या कामाचा कळस असावेत. प्रत्यक्षात माझ्यासारख्या अनेकांच्या हातून नियमित तास कागदावर राहिले आणि शिबिर तेवढे गावात झाले.

डभोई तालुक्यातल्या एका गावात आम्ही शाळेच्या कुंपणभिंतीवर स्वच्छतेची घोषवाक्ये रंगवली. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्यावर दुसऱ्या एका संस्थेची घोषवाक्ये होती. शाळेचे आचार्य (मुख्याध्यापक) म्हणाले की आता तिसरे येणार आहेत, त्यामुळे तुम्ही यंदा मागच्या बाजूची भिंत घ्या. त्यांनी ते अतिशय आदराने सांगितले आणि म्हणूनच मला ते जास्त लागले. त्याच गावात हातपंपाजवळ सांडपाण्याची डबकी साचत, म्हणून त्याच्याही आधीच्या एका शिबिरात मुलांनी शोषखड्डा खणला होता. तो पंधरा वर्षांनंतरही वापरात होता, कारण जागा हातपंपावर येणाऱ्या बायकांनी ठरवली होती आणि दर उन्हाळ्यात गाळ काढायचे कामही त्यांनीच आपसांत वाटून घेतले होते. आमच्या फाइलमध्ये मात्र भिंतीची अकरा छायाचित्रे आहेत आणि शोषखड्ड्याचे एकही नाही.

ताळेबंद

मी अध्यापक नाही, परंतु दोन संस्थांच्या आयक्यूएसीमध्ये (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात) बाहेरचा सदस्य म्हणून बसलो आहे, त्यामुळे कागदांची बाजू मांडतो.

नॅकची स्थापना १९९४ मध्ये झाली. सुरुवातीच्या पद्धतीत भेटीला आलेल्या समितीच्या मतावर खूप काही अवलंबून असे. एखादी संस्था आदरातिथ्यात चांगली, तर दुसरी संकोची. त्याचा परिणाम मतावर होई, अशी तक्रार सर्वत्र होती. २०१७ च्या सुधारित चौकटीत म्हणूनच बहुतांश गुण संख्यात्मक निर्देशांकांना दिले गेले आणि आकडे तपासण्यासाठी डीव्हीव्ही (माहितीची पडताळणी) ही पायरी आली. छायाचित्रावर ठिकाण व वेळ मागितली जाते, कारण जे शिबिर झालेच नाही तेही पूर्वी अहवालात येत असे. ज्या महाविद्यालयाने खरोखर काम केले आणि ज्याने केले नाही, यांच्यात फरक दाखवायला पुरावा लागतोच. तो नको म्हटले, तर नुकसान प्रामाणिक संस्थेचेच होते.

तुम्ही शब्दरचनेबद्दल लिहिले आहे त्यात थोडी भर घालतो. त्याच वाक्यात 'परिणाम' हा शब्दही आहे. तो विद्यार्थ्यांवरचाच परिणाम असावा असे बंधन मला तरी दिसत नाही. गुणात्मक निर्देशांकाच्या, म्हणजे आकड्यांऐवजी शब्दांत द्यायच्या, उत्तरात गावावरचा परिणाम लिहिलात, तर तो कोणी खोडणार नाही. अडचण अशी की उत्तर सुमारे पाचशे शब्दांत बसवायचे असते आणि बहुतेक संस्था ते शब्द उपक्रमांच्या यादीतच संपवतात.

शनिवारची_शाळा

मी पादरा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माहेर दांडिया बाजारातले, सासर गावचे. त्यामुळे तुम्ही ज्या बाजूचे म्हणणे शोधत आहात, ती बाजू मी रोज पाहते.

गेल्या सहा-सात वर्षांत आमच्या गावात निरनिराळ्या संस्थांच्या विद्यार्थ्यांनी चार वेळा घरोघर पाहणी केली. शौचालय आहे का, गॅस आहे का, किती मुली शिकतात, पाणी कोठून आणता, हेच प्रश्न थोड्याफार फरकाने चारही वेळा विचारले गेले. चौथ्या वेळी मी मुलींबरोबर फिरत होते. एका मावशींनी उत्तर देण्याआधी विचारले, "बेन, गया वखतना फॉर्मनुं शुं थयुं?" (ताई, मागच्या वेळच्या फॉर्मचे काय झाले?) मुलींकडे उत्तर नव्हते, कारण मागच्या वेळी दुसरी संस्था आली होती आणि तिने काय निष्कर्ष काढला हे गावाला कोणीच कळवले नव्हते. आधीच्या तीनपैकी एकाही पाहणीची प्रत ग्रामपंचायतीत नाही. मी स्वतः तलाठीभाईंना विचारून पाहिले.

आता चांगले सांगते. एका महाविद्यालयाच्या आठ मुली दोन वर्षे दर शनिवारी सकाळी येत आणि तिसरी-चौथीच्या कच्च्या मुलांना वाचायला बसवत. त्यांनी भाषण केले नाही, फलक लावला नाही. ज्याला जोडाक्षर येत नसे त्याच्याबरोबर एकच मुलगी सहा सहा आठवडे बसे. त्या दोन वर्षांत माझ्या वर्गातली अकरा मुले वाचू लागली. त्यांची नावे माझ्या वहीत आहेत. पण एका मार्चमध्ये त्यांच्या परीक्षा आल्या आणि त्या तीन शनिवार आल्या नाहीत. त्यांनी आम्हाला कळवले नव्हते आणि त्यांना कोणी कळवायला सांगितलेही नव्हते. मुले आठ वाजल्यापासून फाटकाशी उभी होती. तिसऱ्या शनिवारी मी त्यांना आत घेतले आणि स्वतः वाचन घेतले.

त्या मुलींविषयी माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. पण कोणी मला विचारले असते, तर त्यांच्या चांगल्या कामाबरोबर ते तीन शनिवारही मी सांगितले असते, आणि पुढच्या मार्चमध्ये तसे झाले नसते. आभारपत्रात हे मावत नाही.

आणखी एक विनंती. शिबिरे बहुधा डिसेंबरात असतात. तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणी चालू असते आणि दिवसा घरी म्हातारी माणसे व लहान मुले एवढीच असतात. सभेला माणसे जमत नाहीत, याचा अर्थ गावाला आस्था नाही असा कृपया लिहू नये.

फतेगंज_होस्टेल

मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. इथे शिबिरांबद्दल खेद जास्त दिसतो. मी लुणावाड्याजवळच्या गावातून आलो आहे, त्यामुळे गाव मला नवे नव्हते. माझ्या गटातल्या चार मुली मात्र घराबाहेर पहिल्यांदाच मुक्कामी राहिल्या होत्या. एकीने चुलीवर चाळीस माणसांची खिचडी केली, दुसरीने ग्रामसभेत उभी राहून प्रश्न विचारला. हे घडले ते शिबिर सक्तीने भरवावे लागले म्हणून. गुणांची गरज नसती तर आमच्या महाविद्यालयाने सात दिवसांची परवानगी दिली असती असे मला वाटत नाही. गावाचे म्हणणे जरूर घ्यावे, पण विद्यार्थ्यांचे शिकणे ही दुय्यम गोष्ट समजू नये.

शनिवारची_शाळा

@फतेगंज_होस्टेल, तुझे म्हणणे अगदी रास्त आहे, बाळा. ग्रामसभेत प्रश्न विचारणारी मुलगी पाहून आमच्या मुलीही धीट होतात. तो गावाला मिळालेला लाभच आहे, आणि तोसुद्धा कोणी लिहून ठेवलेला नाही.

क्षेत्रकार्य

मी समाजकार्याची पदवीधर आहे. आपल्या सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ ची आणि त्यानंतर लगेचच इथे समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले, त्यामुळे या शहरात क्षेत्रकार्याची परंपरा सत्तर वर्षांहून जुनी आहे. तिच्यातून दोन गोष्टी सर्वसाधारण महाविद्यालयांना घेता येतील.

पहिली म्हणजे ठरलेले ठिकाण आणि ठरलेले दिवस. आम्ही आठवड्यातले दोन दिवस वर्षभर एकाच वस्तीत किंवा एकाच संस्थेत जात असू. पहिला महिना तर फक्त ऐकण्यात जाई. मला शहरातल्या वाडी या भागातील एका वस्तीत पाठवले होते आणि मी पहिल्याच आठवड्यात महिलांचा बचतगट काढायचा प्रस्ताव लिहून नेला. पर्यवेक्षक मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि विचारले, "या वस्तीत आधी किती गट निघाले आणि ते का मोडले?" मला ठाऊक नव्हते. शोधायला पाच आठवडे लागले. आधीचे दोन गट मोडले होते, कारण हिशेब ठेवणारी एकच शिकलेली बाई होती आणि तिचे कुटुंब दोन्ही वेळा भाड्याचे घर बदलून गेले होते. तेव्हा गट काढण्याआधी तिघीचौघींना हिशेब शिकवणे हे काम ठरले.

दुसरी गोष्ट नोंदींची. प्रत्येक भेटीनंतर काय पाहिले, कोण काय म्हणाले, मी काय केले आणि काय चुकले, हे लिहावे लागे आणि पर्यवेक्षक ते वाचत असत. 'काय चुकले' हा भाग कोरा ठेवला तर वही परत येई. विस्तार उपक्रमांच्या अहवालात मी आजवर 'काय चुकले' असे शीर्षक पाहिलेले नाही. छायाचित्रात चूक दिसत नाही, नोंदीत दिसते. सुरसागरकाठताई, तुमच्या विद्यार्थ्यांना अशा वह्या द्या. आज सुरुवात केलीत तर पुढच्या फेरीला पाच वर्षांचा खरा पुरावा हाती असेल.

विश्वामित्री

पुराचा अनुभव सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या भागातली मुले कोणाच्याही सांगण्यावरून न थांबता निघाली. समा, अकोटा, कारेलीबाग, जिथे जिथे पाणी ओसरू लागले तिथे त्यांनी घरांतला चिखल काढला, म्हाताऱ्या माणसांची औषधे आणून दिली, पिण्याचे पाणी पोहोचवले. नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे कंबरभर पाण्यातून जाणे हे धाडसच होते, आणि ते त्यांनी करायला नको होते असेही मला वाटते.

दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी काही जणांकडे महाविद्यालयाने छायाचित्रे मागितली. त्यांच्याकडे नव्हती, कारण फोन कोरडे राहावेत म्हणून घरी ठेवले होते. काम कोणत्याही पथकाच्या नावाखाली आखलेले नव्हते, त्यामुळे ते उपक्रम म्हणून दाखवता आले नाही. मुलांना त्याचे वाईट वाटले नाही. मला मात्र वाटले. त्याच वर्षीचा एक तासाचा आपत्ती व्यवस्थापन जागृती कार्यक्रम अहवालात आहे.

ताळेबंद

@विश्वामित्री, हा अनुभव वाचून मन भरून आले, पण मला वाटते ते काम उपक्रमांच्या यादीत न आलेलेच बरे. संस्थेने आखले नाही, सुरक्षेची जबाबदारी घेतली नाही, तर श्रेय संस्थेने घेऊ नये. मुले तशी का घडली, हे गुणात्मक उत्तरात लिहिता येईल.

विश्वामित्री

तुमचे म्हणणे पटले. श्रेय त्या मुलांचेच आहे.

पेटीवाचनालय

बडोद्यात बसून आपण ही चर्चा करतो आहोत, तर सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय योजनेकडे पाहिल्याशिवाय ती पुरी होणार नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू झाले, हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर महाराजांपुढे प्रश्न आला की शाळेतून बाहेर पडलेला मुलगा पुढे काय वाचणार. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभे राहू लागले. ज्या खेड्यात वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात.

आपल्या विषयाशी जोडलेला भाग पुढे आहे. गावात कायमचे वाचनालय हवे असेल, तर खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी उभा करायचा, तेवढाच स्थानिक पंचायतीने आणि तेवढाच राज्याने द्यायचा, अशी रचना होती. संस्थान संपन्न होते, सगळा खर्च त्याला झेपला असता. तरीही आधी गावाने वर्गणी जमवायची, म्हणजे आधी आम्हाला हे हवे आहे असे म्हणायचे, ही अट ठेवली. मला यात आपल्या चर्चेचे उत्तर दिसते. आज महाविद्यालय आधी उपक्रम ठरवते आणि मग गाव शोधते. दरबारने शंभर वर्षांपूर्वी याच्या उलट क्रम लावला होता.

माझे आजोबा सावलीकडच्या एका गावात शिक्षक होते आणि पेटी आली की किल्ली त्यांच्याकडे असे. घरी अजून एक जुनी नोंदवही आहे. तिच्यात पुस्तक कोणी नेले हे लिहिले आहे आणि काही नावांपुढे 'दुसऱ्याने वाचून दाखवले' अशी नोंद आहे. निरक्षर वाचकाचीही नोंद ठेवावी असे ज्याला वाटले, त्याला परिणाम म्हणजे काय हे कळत होते.

जुना_स्वयंसेवक

ही नोंदवही कृपया जपून ठेवा आणि शक्य असेल तर तिची छायाप्रत मध्यवर्ती ग्रंथालयाला द्या. "दुसऱ्याने वाचून दाखवले" हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो.

दूरदेशी

मी बडोद्याचाच, सध्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवतो. इथे कार्नेगी वर्गीकरणात, म्हणजे उच्चशिक्षण संस्थांच्या वर्गवारीत, समाजसहभागासाठी २००६ पासून एक ऐच्छिक वर्गीकरण आहे. संस्था स्वतःहून अर्ज करते. त्यात परस्परता या कल्पनेवर भर आहे, म्हणजे ज्ञान आणि लाभ दोन्ही बाजूंना जायला हवेत. सुरसागरकाठताईंच्या प्रश्नाला जवळची गोष्ट अशी की ज्या स्थानिक संस्थांची नावे विद्यापीठ भागीदार म्हणून देते, त्यांच्याकडे प्रश्नावली थेट जाते. त्यांचे उत्तर विद्यापीठाच्या हातून जात नाही.

यात सगळे आदर्श आहे असे नाही. छोट्या संस्थांना दर वेळी प्रश्नावल्या भरण्याचा कंटाळा येतो, आणि ज्यांना विद्यापीठाकडून मदत हवी असते त्या उघडपणे उणे बोलत नाहीत. तरी आभारपत्रापेक्षा ती पद्धत मला बरी वाटते.

सक्ती_नको

सर्वांचे वाचले. माझा मतभेद मुळातच आहे. सेवा गुणांना किंवा श्रेयांकांना (क्रेडिटना) जोडली की ती सेवा राहत नाही. हा वाद आपल्या देशाला नवा नाही. १९५९ मध्ये सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि तिने महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचवली होती. ते घडले नाही, आणि दहा वर्षांनी जी एनएसएस आली ती ऐच्छिक होती. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. आज ऐच्छिक योजनेला आपण मूल्यांकनाच्या मागच्या दाराने सक्तीची करत आहोत. विद्यार्थी तास मोजतो, महाविद्यालय विद्यार्थी मोजते आणि परिषद महाविद्यालये मोजते.

क्षेत्रकार्य

@सक्ती_नको, तुमची कळकळ समजते, पण सक्ती आणि अभ्यासक्रम यांत फरक करावा असे मला वाटते. प्रयोगशाळेतले प्रयोगही सक्तीचेच असतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १९७७ मध्येच अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले होते. अलीकडे सामाजिक उत्तरदायित्व व समाजसहभाग यांसाठी तिने दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवला आहे आणि त्यात प्रत्यक्ष क्षेत्रकामाचा वाटा ठेवला आहे. वर्गात आधी ग्रामपंचायत कशी चालते, स्वयंसहायता गट कसे चालतात हे शिकून मग गावात जाणारा विद्यार्थी, काहीच न शिकता बसमधून उतरणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा गावाला कमी त्रास देतो. मी याला सेवा म्हणणार नाही, शिक्षण म्हणेन. आणि शिक्षणाचे श्रेयांक देण्यात गैर काही नाही.

सक्ती_नको

शिक्षण म्हणावे, सेवा म्हणू नये, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. मग गावाला दत्तक घेतले असेही म्हणू नये. गाव काही अनाथ नाही.

दांडियाबाजार

एक छोटी माहिती देतो, कारण दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. एनआयआरएफच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय, क्रमवारीत 'आउटरीच' असा जो शब्द आहे आणि ज्याला दहा टक्के भार आहे, त्यात मुख्यतः बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी, विद्यार्थिनी, दुर्बल घटकांतले विद्यार्थी आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी पाहिल्या जातात. गावात केलेले काम तिथे धरले जात नाही. ते दाखवण्याची जागा नॅकचा तिसरा निकष हीच आहे, आणि काही संस्था उत्तम प्रथा म्हणून सातव्या निकषातही लिहितात.

ताळेबंद

आणि तीही चौकट बदलते आहे. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने जाहीर केले की श्रेणींच्या जागी आधी अधिस्वीकृत किंवा अधिस्वीकृत नाही अशी दोनच उत्तरे असलेली पद्धत येईल आणि त्यापुढे परिपक्वतेचे पाच स्तर असतील. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींतून हे आले. ए प्लस की ए, या दशांशाच्या चिंतेतून संस्था थोड्या जरी मोकळ्या झाल्या, तर विस्ताराच्या उत्तरात खरे लिहिण्याचे धैर्य वाढेल अशी मला आशा आहे.

शनिवारची_शाळा

ताई, तुमचे पुढे काय झाले? अहवाल गेला का?

सुरसागरकाठ

उशिरा उत्तर देते आहे, क्षमस्व. आपल्या सर्वांचे वाचून मी मागच्या रविवारी त्या गावात गेले, ज्याची चार सारखी पत्रे माझ्या टेबलावर होती. अहवालात त्या गावाविषयी लिहिलेले दीड पान मी गुजरातीत करून नेले होते. पंचायतीच्या ओट्यावर पंधरा-सतरा माणसे जमली, त्यांत सात स्त्रिया होत्या. मी ते दीड पान मोठ्याने वाचले आणि चुकले असेल ते सांगावे अशी विनंती केली.

सुरुवातीला सगळे छान आहे, छान आहे असेच म्हणाले. मग तलावाचा परिच्छेद आला. आमच्या विद्यार्थ्यांनी तलाव स्वच्छ केला असे आम्ही लिहिले होते. एक आजोबा शांतपणे म्हणाले की गाळ गावाने सव्वा महिना काढला, ट्रॅक्टर गावचे होते, आणि मुले शेवटच्या दोन दिवशी आली व त्यांनी काठावरचे प्लास्टिक वेचले. ते पुढे म्हणाले की मुलांनी खूप मनापासून वेचले, हेही लिहा. मी तो परिच्छेद तिथेच बसून बदलला आणि पुन्हा वाचून दाखवला.

त्याहून अनपेक्षित गोष्ट नंतर घडली. आम्ही ज्याचा अहवालात कोठेही उल्लेख केलेला नव्हता, ते एका बाईंनी सांगितले. तीन वर्षांपूर्वीच्या शिबिरात आमच्या वाणिज्य शाखेच्या एका मुलाने त्यांच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज डिजिटल गुजरात या सरकारी संकेतस्थळावर भरून दिला होता. ती मुलगी आता बारावीला आहे. त्यांनी विचारले की तो मुलगा परत येईल का, कारण वस्तीत आणखी नऊ मुलींचे अर्ज राहिले आहेत आणि शहरातल्या दुकानात एका अर्जाचे पैसेही द्यावे लागतात आणि एक दिवसाची मजुरीही बुडते. पाच वर्षांत गावाने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट असेल, निदान आमच्यापर्यंत पोहोचलेली तरी.

प्राचार्यांना मी बदललेला परिच्छेद दाखवला. तलावाचे काम गावाचे होते असे लिहिल्याने गुण कमी होतील का, असे त्यांनी विचारले. मला ठाऊक नाही असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार करून परिच्छेद ठेवायला सांगितला. आभारपत्राऐवजी त्या सभेची नोंद गुजरातीत, उपस्थितांच्या सह्या-अंगठ्यांसह जोडते आहे. आमच्या आधीच्या पाहणीचा सारांशही काढला आणि त्याची प्रत पंचायतीत दिली. पादऱ्याच्या मावशींचा प्रश्न वाचल्यावर ते करणे भाग होते. क्षेत्रकार्यताई, 'काय चुकले' या शीर्षकाच्या तीस वह्या छापायला दिल्या आहेत.

आता मदतीची विनंती. अर्ज भरण्यासाठी दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच असे ठरले आहे आणि वाणिज्य शाखेचे सहा विद्यार्थी तयार आहेत. परीक्षांच्या काळात खंड पडू नये म्हणून मार्च व ऑक्टोबर या महिन्यांसाठी बाहेरचे दोन-तीन जण हवे आहेत. गुजराती वाचता यावे आणि स्वतःचा लॅपटॉप असावा, एवढेच पुरे. पंचायतीत वीज आहे. इंटरनेट अधूनमधून जाते.

जुना_स्वयंसेवक

मार्चचे चारही गुरुवार माझे नाव लिहा. निवृत्त आहे, स्कूटर आहे आणि डभोई रस्ता पाठ आहे. गाव दुसऱ्या दिशेला असले तरी येईन.

विश्वामित्री

ऑक्टोबरसाठी मी. पुरात काम केलेल्या मुलांपैकी दोघे आता नोकरीला लागले आहेत, त्यांनाही विचारतो. ताई, येत नसलो तर आदल्या दिवशी कोणाला कळवायचे, तो गावातला क्रमांक मला खाजगी निरोपात द्यावा.

शनिवारची_शाळा

विश्वामित्रींनी शेवटी जे विचारले आहे, ते कृपया सर्वांच्या वह्यांत पहिल्या पानावर छापून घ्या.